डर्बनचा समुद्रकिनारा : विहार, श्रम आणि निर्बंध

ख्रिस्तजन्माच्या सणाला मराठीत ‘नाताळ’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, हे सर्वश्रुत आहे. वास्को द गामाची गलबते १४९७ च्या डिसेंबरात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत उत्तरेकडे चालली असता हाच सण आला आणि त्या किनाऱ्याला हेच नाव मिळाले. अशा रीतीने एकच शब्द पश्चिम हिंदुस्थानात सणाचे नाव म्हणून आणि दक्षिण आफ्रिकेत एका प्रदेशाचे नाव म्हणून रुजला. पुढे या प्रदेशाचे मुख्य बंदर एका इंग्रज गव्हर्नराच्या नावावरून १८३५ मध्ये ‘डर्बन’ झाले. झुलू भाषेत मात्र ते ‘एथेक्विनी’ आहे. ‘इथेकु’ म्हणजे उपसागर, आणि ‘एथेक्विनी’ हे त्याचे सप्तमीचे रूप, म्हणजे ‘उपसागराशी’. मराठीत ‘घरी’, ‘दारी’ या रूपांत जो अर्थ प्रत्ययाने येतो, तोच येथे ग्रामनामात कायम झाला आहे. डर्बनच्या महानगरपालिकेने आज हेच नाव धारण केले आहे.

डर्बन दक्षिण गोलार्धात सुमारे तिसाव्या अक्षांशाजवळ वसले आहे. उत्तरेकडून उष्ण सागरप्रवाह वाहत येत असल्यामुळे येथील समुद्र जून-जुलैच्या हिवाळ्यातही स्नानास योग्य असतो. अंतर्भागातील जोहान्सबर्गचे पठार त्याच महिन्यांत थंडीने गारठलेले असते. १८९५ मध्ये जोहान्सबर्ग व डर्बन ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली आणि सोन्याच्या खाणींवर संपन्न झालेल्या कुटुंबांना हवापालटासाठी हक्काचा किनारा मिळाला. १८९७ पासून भरू लागलेल्या जुलै महिन्यातील घोड्यांच्या शर्यतीने या हंगामाला प्रतिष्ठाही दिली. समुद्रस्नान, रिक्षातून फेरफटका, कोळ्यांचे जाळे ओढताना पाहणे, बंदरातील जहाजे न्याहाळणे असा विहाराचा एक ठरीव क्रम तेथे तयार झाला. प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत या क्रमाचे वर्णन पुष्कळ सापडते. परंतु त्यातील प्रत्येक प्रेक्षणीय गोष्ट मुळात कोणाचा तरी पोटापाण्याचा उद्योग होता, आणि तो उद्योग करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याच वाळूवर बसण्याचा, त्याच पाण्यात उतरण्याचा अधिकार नव्हता, ही गोष्ट त्या पुस्तिकांत येत नाही. डर्बनच्या विहाराचा इतिहास या दुसऱ्या बाजूने पाहणे अवश्य आहे.

या किनाऱ्याशी हिंदी माणसाचा संबंध १६ नोव्हेंबर १८६० रोजी सुरू झाला. त्या दिवशी मद्रासहून निघालेले ‘ट्रूरो’ हे जहाज उसाच्या मळ्यांसाठी भरती केलेले गिरमिटे मजूर घेऊन डर्बनला पोहोचले. १९११ पर्यंत सुमारे दीड लक्ष माणसे अशा प्रकारे नाताळात नेण्यात आली. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या खर्चाने गेलेले व्यापारी होते. त्यांत गुजराती बहुसंख्य होते. कोकणातील मुसलमानही दक्षिण आफ्रिकेत गेले, परंतु त्यांची मोठी वस्ती केप टाउनला झाली.

किनारा दिसावा आणि उतरता येऊ नये, हा अनुभव डर्बनच्या हिंदी लोकांना प्रथम आला तो सहलीच्या निमित्ताने नव्हे. १८९६ च्या अखेरीस ‘कोर्लंड’ व ‘नादेरी’ ही दोन जहाजे मोहनदास करमचंद गांधींसह शेकडो हिंदी प्रवाशांना घेऊन डर्बनच्या बाहेर नांगर टाकून उभी राहिली. मुंबईत त्याच वर्षी प्लेग सुरू झाला होता. त्याचे निमित्त करून ही जहाजे तीन आठवड्यांहून अधिक काळ सूतकात ठेवण्यात आली. शहरातील गोऱ्यांची या प्रवाशांना परत पाठवण्याची खटपट त्या काळात चालूच होती. अखेर १३ जानेवारी १८९७ रोजी प्रवासी उतरले. त्या दिवशी गांधींवर जमावाने हल्ला केला, आणि पोलीस अधीक्षकाच्या पत्नीने आपली उन्हाची छत्री उघडून त्यांना आडोसा दिला, हा प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. गोऱ्या स्त्रीच्या हातातील उन्हाची छत्री ही त्या काळच्या समुद्रकाठच्या विहाराची ठळक खूण होती. नाताळच्या इतिहासात तिचा सर्वांत स्मरणीय उपयोग वेगळ्याच कामी झाला.

गिरमिटाची मुदत संपलेल्या मजुरांपैकी काहींनी मळ्याकडे पाठ फिरवून समुद्राकडे तोंड केले. उपसागरात आणि किनाऱ्यावर मासेमारी करून शहराला मासळी पुरवण्याचा उद्योग त्यांनी उभा केला. त्यांची पद्धत कोकणच्या किनाऱ्यावरील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ती रापणच होय. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती राहतो. होडी लाटा फोडून बाहेर जाते, अर्धवर्तुळाकार फिरत जाळे सोडते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडची माणसे दोर ओढू लागतात. पुष्कळ माणसांच्या एकजुटीचा हा उद्योग असल्याने तो कुटुंबांच्या व भाऊबंदांच्या आधारेच चालतो. हिवाळ्यात दक्षिणेच्या थंड पाण्यातून तारलीसारख्या लहान माशांचे अफाट थवे नाताळच्या किनाऱ्याकडे येतात. त्यांच्यामागे डॉल्फिन, शार्क आणि समुद्रपक्षी असतात, आणि काही ठिकाणी तर थवे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की जाळे टाकायला दूर जावेही लागत नाही. हे दृश्य पाहण्यास हंगामातील पाहुण्यांची झुंबड उडते. रापणकाराच्या वर्षभराच्या मिळकतीत ज्या दिवसांना मोठे स्थान, तेच दिवस पाहुण्याच्या दृष्टीने निसर्गाच्या चमत्काराचे. दोघे एकाच जाळ्याकडे पाहत असतात.

या स्वतंत्र उद्योगाला नाताळ सरकारची अनुकूलता नव्हती. गिरमिट संपल्यावर मजुराने पुन्हा करार करावा किंवा मायदेशी परतावे, अशी मळेवाल्यांची इच्छा. ती साधण्यासाठी १८९५ च्या कायद्याने मुक्त झालेल्या मजुरावर वार्षिक तीन पौंडांचा कर बसवण्यात आला. हा कर रद्द व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले आणि नाताळातही हिंडले. या दौऱ्यातील एक तपशील भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. गोखल्यांनी इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे असा आग्रह गांधींनी धरला, कारण श्रोत्यांत कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय होते. मराठी भाषणाचे हिंदुस्थानीत भाषांतर स्वतः गांधींनी केले. कर मात्र रद्द झाला तो १९१३ च्या मोठ्या संपानंतर, १९१४ मध्ये.

रापणकारांच्या वस्तीची कहाणी पुढील अर्धशतकात अधिक करुण होत गेली. उपसागरातील सॅलिसबरी बेटावर त्यांची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाने बेट ताब्यात घेतले आणि मच्छीमारांना उपसागराच्या दुसऱ्या काठावर, फिनलंड्स येथे जावे लागले. पुढे बंदराची वाढ आणि १९५० चा वस्ती-विभागणी कायदा या दोहोंच्या दडपणाखाली त्यांना तेथूनही उठवून समुद्रापासून दूर, आतल्या बाजूस वसवलेल्या चॅट्सवर्थ या हिंदी लोकांसाठी राखलेल्या उपनगरात नेण्यात आले. मच्छीमाराला समुद्र दिसत नाही अशा घरात ठेवणे म्हणजे काय, हे कोळीवाड्याची माहिती असणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, थव्यावर घिरट्या घालणारे पक्षी, या सर्व गोष्टी दारातून दिसत असत. आता त्यांसाठी प्रथम वाहन गाठावे लागे.

याच बेटाच्या वाट्याला एक विलक्षण उत्तरकथा आली. १९६१ मध्ये सरकारने केवळ हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक विद्यापीठ-महाविद्यालय काढले, आणि ते सॅलिसबरी बेटावरील नौदलाच्या जुन्या बराकींत भरवले. ज्या बेटावरून हिंदी कोळ्यांना हलवण्यात आले होते, तेथे वीस वर्षांच्या आत हिंदी तरुणांना शिक्षणासाठी वेगळे काढून बसवण्यात आले. पुढे १९७० नंतर ही संस्था वेस्टव्हिल येथे गेली. डर्बनच्या किनाऱ्याच्या इतिहासात या बेटाला जितके महत्त्व आहे, तितके कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाला नाही.

डर्बनची रिक्षा ही प्रवाशांच्या स्मृतीत सर्वांत पक्की राहिलेली वस्तू. ‘रिक्षा’ हा शब्द जपानी ‘जिनरिकिशा’ याचा तुटलेला अंश आहे. मूळ शब्दातील ‘जिन’ म्हणजे माणूस. शब्दाचा संक्षेप होताना नेमका माणूसच गळून पडला, हे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत बसणारे असले तरी अर्थाच्या दृष्टीने बोलके आहे. मार्शल कँपबेल या साखर-उद्योगातील धनिकाने १८९२ मध्ये जपानी धर्तीची ही गाडी डर्बनमध्ये आणली. प्रारंभी ती शहरातील नित्याच्या वाहतुकीचे साधन होती आणि झुलू तरुण ती ओढीत. पुढे विजेची ट्रॅम आणि मोटार आल्यावर तिचा व्यावहारिक उपयोग संपला. तेव्हा ती नाहीशी होण्याऐवजी किनाऱ्यावर सरकली. उपयोग जसजसा कमी झाला तसतसा ओढणाऱ्याचा वेष वाढत गेला: बैलाची शिंगे लावलेले भव्य शिरोभूषण, मण्यांचे पट्टे, पिसे, रंगवलेली गाडी. या वेषाला पाहुणे परंपरागत झुलू वेष समजत आले. वास्तविक तो किनाऱ्यावरच्या चढाओढीतून घडलेला, गिऱ्हाईक ओढण्यासाठी केलेला व्यावसायिक वेष आहे. यावरून त्याला खोटा ठरवणे मात्र घाईचे होईल. मणीकाम झुलू स्त्रियांच्या कलेतूनच आले आहे, आणि परंपराही कोठे तरी, कोणत्या तरी गरजेतूनच सुरू होत असते.

व्हेलच्या शिकारीचे केंद्रही असेच. उपसागराच्या दक्षिणेकडील ब्लफ या टेकडीच्या समुद्राकडील बाजूस ते १९०८ च्या सुमारास सुरू झाले आणि १९७५ पर्यंत चालले. मारून आणलेले प्रचंड मासे कापण्याचे काम पाहण्यास प्रवाशांच्या सहली जात. दुर्गंधीची तक्रारही तेच करीत.

शार्क माशांचा प्रश्न अधिक गंभीर होता, कारण त्यावर साऱ्या हंगामाचे अर्थकारण अवलंबून होते. सिडनीत १९३७ पासून वापरात असलेल्या जाळ्यांच्या धर्तीवर डर्बनने १९५२ मध्ये आपल्या स्नानाच्या किनाऱ्यांपुढे जाळी लावली. शहराच्या दक्षिणेकडील लहान गावांना हे संरक्षण नव्हते. तेथे १८ डिसेंबर १९५७ पासून पुढील एप्रिलच्या प्रारंभापर्यंत किमान नऊ हल्ले झाले आणि सहा माणसे दगावली. पाहुण्यांनी भर हंगामात गावे सोडली. नौदलाने पाण्यात स्फोटके टाकली, त्यांमुळे मेलेल्या माशांच्या वासाने उलट अधिक शार्क आले. १९६४ मध्ये या कामासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि जाळ्यांचा विस्तार वाढला. या जाळ्यांबद्दल सामान्य समज असा की ती भिंतीसारखी किनारा बंद करतात. वस्तुतः ती तुटक अंतरांवर टांगलेली असतात आणि मुख्यतः शार्क पकडून मारण्याचे काम करतात. डॉल्फिन व कासवेही त्यांत सापडतात. अर्थात समुद्रातील कुंपण कधीच पूर्ण नव्हते. वाळूवरील कुंपण मात्र पुरते होते.

या वाळूवरील कुंपणाचा आरंभ १९४८ च्या राष्ट्रीय पक्षाच्या राजवटीपासून धरण्याचा प्रघात आहे. डर्बनपुरता तो बरोबर नाही. इंग्रजी भाषक गोऱ्यांच्या नगरपालिकेने रूढी आणि स्थानिक नियम यांच्या आधारे किनाऱ्याची वाटणी त्याआधीच केली होती. ज्या १९४६ च्या जमीनविषयक कायद्याविरुद्ध डर्बनमध्ये सत्याग्रह झाला आणि जो प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला, तोही १९४८ पूर्वीचाच. नव्या राजवटीने केले ते एवढेच की, रूढीला देशभर कायद्याचे रूप दिले. १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा वंशवार राखून ठेवण्याची आणि त्या समान दर्जाच्या नसल्या तरी चालण्याची मुभा दिली. परंतु येथे एक शाब्दिक अडचण होती. भरती-ओहोटीच्या दरम्यानची भूमी ही ‘जमीन’ आहे काय, आणि समुद्राला ‘जागा’ म्हणता येते काय? दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याचा पाया रोमन-डच विधी हा आहे, आणि रोमन विधीत समुद्र व समुद्रतीर या गोष्टी वायू व वाहते पाणी यांच्याबरोबर सर्वांच्या सामाईक मानल्या आहेत. ही अडचण १९६० च्या दुरुस्तीने दूर करण्यात आली: समुद्रतीर आणि समुद्र यांचा कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट समावेश झाला. दोन सहस्र वर्षे सामाईक असलेली गोष्ट एका व्याख्येच्या विस्ताराने राखीव झाली. शब्दार्थाच्या चर्चा निरुपद्रवी असतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या कायद्याचे दृश्य रूप म्हणजे वाळूत रोवलेला फलक. डर्बनचा असा एक फलक छायाचित्रांमुळे जगभर पोहोचला आहे. नगरपालिकेच्या किनारा-नियमांतील ३७ व्या कलमान्वये हे स्नानस्थान केवळ गोऱ्या वंशगटातील व्यक्तींसाठी राखलेले आहे, असा मजकूर त्यावर इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू या तीन भाषांत आहे. भाषेच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी लक्षणीय होत. पहिली, झुलू मजकुरात किनारा या अर्थी ‘अमाभिशी’ हा शब्द आला आहे. हे इंग्रजी ‘बीच’ या शब्दाला झुलू उपसर्ग लावून केलेले अनेकवचन आहे. झुलूत समुद्राला ‘उल्वांडले’ आणि किनाऱ्याला ‘उगु’ हे स्वतःचे शब्द असताना हा उसना शब्द का यावा? उघड कारण असे की, ‘उगु’ म्हणजे जेथे माणसे राहतात व शिंपा-कालवे गोळा करतात तो भूप्रदेश. ‘भिशी’ म्हणजे विहारासाठी आखलेली, नियमांनी बांधलेली, नगरपालिकेची वाळू. वस्तू नवी होती, म्हणून शब्द नवा आला, आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य मनाईचे होते. मराठीतही ‘पुळण’ हा जुना शब्द किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडी राहिला आणि सहलीला जाणारे ‘बीच’वर जाऊ लागले, अर्थविभागणी तीच आहे, सुदैवाने वाक्य वेगळे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, फलकावर हिंदी लोकांची एकही भाषा नाही. डर्बनमध्ये तमिळ, तेलुगू, भोजपुरी, गुजराती आणि उर्दू बोलणारी माणसे लाखांच्या संख्येने होती, आणि मनाई त्यांनाही होती. इंग्रजी त्यांना समजत असे, हे उत्तर चुकीचे नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत त्यांच्यातील बहुतेकांची घरची भाषाही इंग्रजी होत चालली होती. तथापि ते पुरेसे नाही. गोऱ्यांना तर हा फलक एका भाषेतही पुरला असता. तरी इंग्रजी आणि आफ्रिकान्स या दोन्ही भाषा त्यावर आहेत, कारण दोन्ही राज्याच्या भाषा होत्या. फलक केवळ समजावा म्हणून लिहिलेला नसतो. भूमीवर कोणाच्या भाषेची गणना होते हेही तो सांगतो. झुलू भाषकाची गणना निदान निषेध ऐकणारा म्हणून झाली. हिंदी माणूस त्या हिशेबात आलाच नाही.

या सर्वांवरून हिंदी लोक समुद्राच्या आनंदापासून पूर्णपणे वंचित राहिले असा निष्कर्ष काढला तर तो एकांगी ठरेल. त्यांच्यासाठी राखलेले किनारे दूरचे आणि स्नानाला कमी सोयीचे होते, हे खरे. पण अंबगेनी नदीच्या मुखाजवळ ब्लू लगून या ठिकाणी संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे बिर्याणीची भांडी घेऊन येत. पुरुष गळ टाकून बसत. संगमावर पूजाअर्चाही होत असे. शहरात पावाचा अर्धा गड्डा पोखरून त्यात रस्सा भरून देण्याची रीत निघाली, आणि या पदार्थाला ‘बनी चाऊ’ हे नाव पडले. त्यातील ‘बनी’ म्हणजे बनिया, आपला वाणीच. ज्यांना उपाहारगृहात बसून खाण्याची बंदी होती त्यांना हाती घेऊन जाता यावे म्हणून तो निघाला, असे सांगतात. आज किनाऱ्यावर येणारा प्रत्येक पाहुणा तो आवर्जून खातो.

१९८० नंतरच्या दशकात काही पट्टे हळूहळू खुले होऊ लागले होते. १९८९ च्या ऑगस्टमध्ये केप टाउनजवळच्या किनाऱ्यांवर आणि सप्टेंबरात डर्बनला मनाई मोडून समुद्रात उतरण्याच्या चळवळी झाल्या. त्यांचे साधन सोपे होते: टोपली, चादर, मुले घेऊन राखीव वाळूवर जाऊन बसणे. सहल हेच सत्याग्रहाचे रूप झाले. त्यानंतर १६ नोव्हेंबर १९८९ रोजी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी देशातील सर्व किनारे सर्वांना खुले होतील असे जाहीर केले, आणि १९५३ चा कायदा १९९० च्या ऑक्टोबरात रद्द झाला. ‘ट्रूरो’ जहाज डर्बनला पोहोचले तो दिवसही १६ नोव्हेंबरच होता. घोषणा करणाऱ्यांच्या मनात हा योग असण्याचा संभव नाही. डर्बनच्या हिंदी कुटुंबांत मात्र १६ नोव्हेंबर ही पूर्वजांच्या आगमनाची तिथी म्हणून पाळली जाते.

आज त्या किनाऱ्यावर मैलोगणती लांब पादचारी मार्ग आहे, २००४ मध्ये उघडलेले मोठे मत्स्यालय आहे, आणि थोड्या उरलेल्या रिक्षाही आहेत. एप्रिल २०२२ च्या महापुरात शेकडो माणसे दगावली, सांडपाण्याची व्यवस्था मोडली, आणि दूषित पाण्यामुळे काही किनारे बराच काळ स्नानाला बंद ठेवावे लागले. त्या मनाईच्या सूचना सर्वांना सारख्याच लागू होत्या. रापण ओढणारी हिंदी कुटुंबे एकविसाव्या शतकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. थवे आले की ती चॅट्सवर्थ आणि आसपासच्या उपनगरांतून पहाटे निघतात, होडी पाण्यात लोटतात, आणि दोराचे एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हाती देतात.